रोख्यांची यादी आली, मग पुढे काय?

वैशाखवणवा

काल 'ताळेबंद' यांनी लिहिलं होतं: "निवडणूक रोखे रद्द झाले, कोणी कोणाला किती दिले ते बाहेर आलं, आणि एक मत हललं नाही. पारदर्शकता ही रविवार पुरवणी वाचणाऱ्यांची हौस आहे." तिथेच उत्तर द्यायला बसले, पण लांबत गेलं. म्हणून हा वेगळा धागा.

निवडणूक रोखा म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचा, देणाऱ्याचं नाव लोकांपासून गुप्त ठेवणारा कागद. देणगीदाराच्या संरक्षणासाठी गुप्तता, असं तेव्हा सांगत होते. गुप्तता कोणापासून? बँक सरकारी, केवायसी तिच्याकडे. २०१८ मध्येच पत्रकार पूनम अग्रवाल यांनी हजार-हजाराचे रोखे घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा अतिनील प्रकाशात त्यांवर छुपा क्रमांक दिसला होता. अंधारात होता तो फक्त मतदार.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा उरकल्यावर. योगायोग असेल. ११ मार्चला कोर्टाने झापलं आणि दहा दिवसांत क्रमांकांसकट सगळं बाहेर आलं, म्हणजे कोणाचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला ते जुळवता आलं.

आता सांगा, त्याआधी तुम्हाला माहीत होतं का, की देशातला सगळ्यात मोठा देणगीदार एक लॉटरी कंपनी आहे? फ्युचर गेमिंग, १,३६८ कोटी! दुसऱ्या नंबरवर हैदराबादची मेघा इंजिनीअरिंग, ९६६ कोटी. मी ठाण्यात राहते. मेघाने एप्रिल २०२३ मध्ये १४० कोटींचे रोखे घेतले, आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरीवली बोगद्याचं काम तिच्याकडे गेलं. यात काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. पण आमच्या डोंगराखालून जाणाऱ्या बोगद्याबद्दल हा प्रश्न विचारता येणं, हा परिणाम नाही? परिणाम म्हणजे फक्त ईव्हीएमचं बटण?

ताळेबंद

माझ्या नावाने धागा, धन्य झालो.

मी मताबद्दल बोललो होतो, तुम्ही बोगद्यात शिरलात. यादी आली मार्चमध्ये. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्राने महायुतीच्या तीन पक्षांना १३२, ५७ आणि ४१ अशा २३० जागा दिल्या. ठाण्याने कोणाला दिल्या तेही बघून घ्या. आणि एकामागोमाग एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे पुरावा होत नाही. रोख्यांच्या व्यवहारांसाठी विशेष चौकशी पथक नेमायची मागणी त्याच सुप्रीम कोर्टाने २ ऑगस्ट २०२४ ला फेटाळली, हे मात्र तुम्ही सोयीने विसरलात.

आता अनुभवाचं सांगतो. माझा एक अशील, एमआयडीसीत शंभरेक कामगारांचा कारखाना. रोखे येण्याच्या आधीची गोष्ट. एका पक्षाला सरळ चेकने देणगी दिली. वीस हजारांच्या वरची, म्हणून पक्षाच्या अहवालात नाव छापून आलं. सत्ता बदलली. त्यानंतर कधी बॉयलर तपासायला माणूस, कधी सांडपाण्याचे नमुने, कधी जुन्या कराची नोटीस. कोणी उघड काही बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. रोखे आले तेव्हा त्या माणसाने पुन्हा पांढऱ्यात देणगी दिली. आता? आता परत पिशवी. तुमच्या पारदर्शकतेने एक पांढरा व्यवहार काळा केला, त्याची यादी कोण छापणार?

गिरणगावकर

रुमाल टाकून ठेवतो. पण मला एक सांगा, हे फ्लेक्स कोणत्या खात्यात धरायचे? उमेदवाराचा खर्च मोजतात अर्ज भरल्या दिवसापासून. त्याआधी वर्षभर भाऊंचा वाढदिवस, भाऊंच्या पुतण्याचा वाढदिवस, दहीहंडी, नवरात्रात मोफत बस, सगळं हिशेबाबाहेर. आमच्या नाक्यावरच्या सिग्नलचा लाल दिवा फ्लेक्समागे गेलाय. आणि निवडणूक लागली की जिल्हाधिकारी कार्यालयाचं दरपत्रक निघणार, वडापाव एवढ्याला, खुर्ची एवढ्याला! विधानसभेला मर्यादा ४० लाख. आमच्या वॉर्डात तेवढे फटाक्यांत जातात.

वैशाखवणवा

@ताळेबंद, तुमच्या अशिलाबद्दल सहानुभूती आहे, खरंच. पण ही योजना त्याच्यासाठी होती असं सांगू नका. किमतीने बघितलं तर नव्वद टक्क्यांहून जास्त रोखे एक-एक कोटीचे होते. शंभर कामगारांचा कारखानदार किती कोटी देतो? आणि त्याचं संरक्षण करायचं होतं तर कंपनीने सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच द्यावं ही मर्यादा कशाला उडवली? तोट्यातल्या कंपनीनेही देणगी द्यावी म्हणून?

दुसरं, ज्यांना भीती होती त्यांनी काय केलं तेही यादीतच आहे. अरबिंदो फार्माच्या संचालकाला ईडीने १० नोव्हेंबर २०२२ ला अटक केली, १५ तारखेला कंपनीने पाच कोटींचे रोखे घेतले, आणि ते भाजपने वटवले. गुप्ततेने कोणाचं संरक्षण केलं इथे?

ताळेबंद

साडेसात टक्क्यांची मर्यादा काढायला नको होती. मान्य. पेढे वाटा.

आणि यादी वाचताय तर पूर्ण वाचा. त्या लॉटरी कंपनीचे पाचशे कोटींहून जास्त तृणमूलला गेले आणि जवळपास तेवढेच द्रमुकला. शिवसेनेच्या नावावरही दीडशे कोटींच्या वर आहेत. माकपने एक रुपया घेतला नाही, त्यांचं लोकांनी काय केलं? मतपेटीने शाबासकी दिली?

डलासकर

इकडे अमेरिकेत २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव, गाव, नोकरी-धंदा, सगळं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. आमच्या गल्लीत कोण कोणाला देतो ते मी जेवण झाल्यावर बघत बसतो, बायको वैतागते. तरी २०२४ मध्ये एकट्या मस्क यांनी २५ कोटी डॉलरच्या वर ओतले. सगळ्यांना माहीत होतं. उघड झाल्याने पैसा कमी होत नाही, निर्ढावतो.

वैशाखवणवा

बघा, पण तुम्हाला ते माहीत तरी आहे.

देवळ्याचा सुन्या

तुम्हा शहरातल्यांचं बघून हसू येतं. पारदर्शकता पाहिजे ना? मग आमच्या तालुक्यात या. उमराणे, कांद्याची मोठी बाजारपेठ. २०२१ च्या ग्रामपंचायतीआधी सरपंचपदाची बोली लागली, २ कोटी ५ लाख. रामेश्वर महादेवाच्या मंदिरासाठी. बंद खोलीत नाही, गावासमोर. कोणी किती बोली लावली, पैसा कशासाठी, शेंबड्या पोरालाही ठाऊक. आयोगाने काय केलं? निवडणूकच रद्द केली. नंदुरबारकडे खोंडामळीत ४२ लाखांची बोली झाली, तीही रद्द. दिल्लीत बंद पाकिटातून हजार कोटी गेले तर ती 'योजना', आणि गावाने माइकवर बोली लावली तर लोकशाहीचा खून. तुमच्या यादीपेक्षा आमचा लिलाव बरा, निदान मंदिर तरी उभं राहतं!

गिरणगावकर

सुन्याभाऊ, दंडवत. हा आजचा प्रतिसाद.

कावेरी_म

दंडवत कसला? सुन्याभाऊ, मी तुमच्याच शेजारच्या गावची, नाव घेत नाही. आमच्याकडे बोलीबिली नव्हती, गोड बोलून 'बिनविरोध' करायचं ठरलं होतं. माझ्या आत्याने महिला राखीव जागेवर अर्ज भरला. संध्याकाळी पाच-सहा कर्ती मंडळी ओसरीवर. "आक्का, गावात भांडण नको. समोरच्यांनी सभामंडपाला पैसे कबूल केलेत, देवाच्या कामात आडवं येऊ नका." काकांना चहा पाजून बाजूला घेतलं. आत्याने अर्ज मागे घेतला. बिनविरोध आलेल्या बाईला ग्रामसभेत बोलताना मी कधी ऐकलं नाही, नवराच बोलतो.

सगळ्या गावाला माहीत होतं. उघडच होतं सगळं. काय फरक पडला?

देवळ्याचा सुन्या

अहो ताई, निवडणूक झाली असती तर आत्यांना पाच लाख घालावे लागले असते. मटण, गाड्या, पाकिटं. नसते घातले तर पडल्या असत्या. घर वाचलं म्हणा.

कावेरी_म

घालायचे की नाही, पडायचं की नाही, ते तिने ठरवलं असतं ना? तुम्ही कोण वाचवणारे?

देवळ्याचा सुन्या

मी कुठे तुमच्या गावात आलो होतो? एक तर तुम्ही गावं सोडून जायचं आणि मग तिथून आम्हाला लोकशाही शिकवायची. भावकीतली भांडणं, पोलीस केस, निकालाच्या दिवशी फुटलेली डोकी, हे आम्ही बघतो. लिलावात निदान डोकं फुटत नाही.

कावेरी_म

सोडून नाही गेले. कळवणला शिकवते, दर आठवड्याला गावी असते. आणि 'तुम्ही शहरातले' हे पालुपद प्रत्येक बाईला ऐकवू नका. ज्याच्याकडे दोन कोटी आहेत त्याचं डोकं फुटत नाही, एवढाच अर्थ आहे त्याचा.

डलासकर

आमच्याकडे शाळेच्या समितीच्या निवडणुकीत...

देवळ्याचा सुन्या

डलासवाले साहेब, तुम्ही जेवून घ्या आधी.

वैशाखवणवा

मंडळी, धागा रोख्यांचा होता. तरीही सुन्याभाऊंना एवढं देते: बोली निदान सगळ्यांना ऐकू येत होती. रोख्यांत सहा वर्षं तेवढंही नव्हतं. पण म्हणून लिलाव बरा होत नाही. विकल्याची पावती मिळाली तरी विकलंच.

गिरणगावकर

एक जुनी आठवण. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे भर कार्यक्रमात बोलून गेले की २००९ च्या निवडणुकीत आठ कोटी खर्च झाला. तेव्हा लोकसभेची मर्यादा २५ लाख. लगेच आयोगाची नोटीस. आमच्या चाळीत सगळे म्हणाले, बरोबर आहे, कायदा म्हणजे कायदा. माझा बाप म्हणाला, एकाने खरं सांगितलं तर त्यालाच धरलं, आता दुसरा कोणी बोलायचा नाही. आणि नाहीच बोललं कोणी.

ताळेबंद

गिरणगावकर, तुमचे वडील माझे गुरू.

@वैशाखवणवा, आता जरा आजचं बोलू. रोखे बंद झाले, मग मोठ्या कंपन्या देणग्या द्यायच्या थांबल्या का? इलेक्टोरल ट्रस्ट, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्था, २०१३ पासून आहेतच. ट्रस्टच्या अहवालात एका बाजूला देणाऱ्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला घेणारे पक्ष. कुठल्या कंपनीचा रुपया कुठल्या पक्षाला गेला, हे कागदावर येतच नाही. रोख्यांत निदान शेवटी क्रमांक जुळवता आले. तुमच्या क्रांतीनंतर तेही गेलं. शिवाय उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाहीच. दार बंद केलंत, भिंतच नाहीये.

वैशाखवणवा

ट्रस्टचं म्हणणं बरोबर आहे, नाइलाजाने लिहिते. पण उपाय काय, ट्रस्टलाही रुपयागणिक हिशेब द्यायला लावायचा की रोखे परत आणायचे? तुम्ही दोन दिवस फक्त काय चालत नाही तेवढं सांगताय.

ताळेबंद

मी हिशेब तपासतो ताई, देश चालवत नाही.

देवळ्याचा सुन्या

कावेरीताई, काल जरा जास्तच बोललो. पण एक विचारतो, आत्या पुढच्या वेळी उभ्या राहणार का?

कावेरी_म

राहणार म्हणते. आणि या वेळी कोणी किती दिले, कुठे खर्च झाले, ते नावासकट रोज फळ्यावर लिहिणार आहे, पारावर. पाकीट वाटणार नाही. तुमचं देवळ्यात दुकान आहे म्हणालात ना मागे एकदा? द्या वर्गणी.

देवळ्याचा सुन्या

देतो ना. पाच हजार माझ्याकडून. फक्त नाव फळ्यावर नको. दोन्ही गटांचं गिऱ्हाईक आहे आपल्याकडे.

ताळेबंद

मी काय वेगळं सांगत होतो?

कावेरी_म

मग नको तुमचे पाच हजार.