थायलंडच्या राजाचं दुखवटा-वर्ष आणि मी ऑफिसात माती खाल्ली, सल्ला हवाय

दादर_टू_बँकॉक
नमस्कार मंडळी. आठ महिने झाले बँकॉकला येऊन, आत्तापर्यंत नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

तर झालं असं की १३ ऑक्टोबरची सुट्टी होती, राजा भूमिबोल २०१६ ला गेले तो दिवस. इतकी वर्षं झाली तरी लोक पाळतात. सुट्टीच्या आधी आमच्या अकाउंट्समधल्या एक ताई पिवळा शर्ट घालून आल्या, पन्नाशीच्या आहेत, सगळे त्यांना 'पी' म्हणतात म्हणजे आपलं ताईच. मी सहज विचारलं आज पिवळं का, तर म्हणाल्या राजा सोमवारी जन्मला होता, सोमवारचा रंग पिवळा. मग मोबाइलमधले त्या वर्षीचे फोटो दाखवायला लागल्या. सगळं ऑफिस काळ्या कपड्यात, वाढदिवसाचा केक कापताना पण काळ्याच कपड्यात, आणि एका फोटोत त्यांचा मुलगा, बारा-तेरा वर्षांचा, डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या, अंगावर भगवं वस्त्र.

आता मला काय दुर्बुद्धी झाली माहीत नाही, मी हसत हसत बोलून गेलो की राजासाठी पोराचं मुंडण? माझे स्वतःचे बाबा गेले तेव्हा मी पण नाही केलं. त्यांनी काही न बोलता फोन पर्समध्ये टाकला आणि तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे सकाळी सवादी (इथला नमस्कार) आणि संध्याकाळी सवादी.

तेव्हा इथे कोण होतं का? हे खरंच मनापासून होतं का सरकारी होतं? आणि आता माफी मागायची तर नेमकी कशाची, तेच कळत नाहीये.

सुखुमवितची_सुगरण
होते की. २००९ पासून इथेच आहे. माफी माग आधी, कारण नंतर शोध. पण तुला कळावं म्हणून सांगते.

राजे गेले ते सिरिराज हॉस्पिटलमध्ये, नदीच्या पलीकडे. दुसऱ्या दिवशी त्यांना तिथून राजवाड्यात आणलं. आम्ही टीव्हीवर बघत होतो, सगळा रस्ता भरून लोक खाली बसलेले, उन्हात, कोणाच्या हातात शंभराच्या नोटेएवढा फोटो, कोणाच्या हातात घरातली भिंतीवरची मोठी फ्रेमच, आणि गाडी येईपर्यंत कोणी उठत नाही, बोलत नाही. माझी कामवाली बाई तेव्हा माझ्या शेजारी जमिनीवर बसून बघत होती, मी सोफ्यावर बस म्हटलं तर नको म्हणाली, टीव्हीत का होईना राजे समोर आहेत तर वर कशी बसू.

मग काळ्या कपड्यांची बोंब झाली. दुकानांत काळा शर्ट मिळेना, मिळाला तर भाव दुप्पट, सरकारला सांगावं लागलं की भाव वाढवू नका आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी काळी रिबन लावली तरी चालेल. ठिकठिकाणी लोकांनी फुकट रंगवून द्यायला सुरुवात केली, मोठाल्या पातेल्यात पाणी उकळतंय, त्यात काळा रंग, आणि लोक घरचे गुलाबी निळे टीशर्ट घेऊन लाइनीत. मी माझे दोन कुर्ते दिले, एक जांभळा होऊन आला. तोच घातला महिनाभर, काय करता.

नियम म्हणशील तर सामान्य लोकांना महिनाभर करमणूक वगैरे आवरती घ्या असं सांगितलं होतं आणि सरकारी नोकरांना वर्षभर काळे कपडे. पण आमच्या बिल्डिंगचा वॉचमन, समोरची नूडलवाली, ह्यांना कोणी सांगितलं होतं? त्यांनी पण वर्ष काढलं.

आणि ती दिवाळी! लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला, म्हणजे जाऊन १७ दिवस. आम्हा इंडियन लोकांच्या ग्रुपवर चर्चाच चर्चा, कंदील लावायचा का, पणत्या बाल्कनीत ठेवायच्या का. शेवटी आम्ही पूजा केली दार लावून आणि पणत्या आतल्या बाजूला ठेवल्या. चकल्या केल्या नाहीत. म्हणजे बंदी कोणी घातली नव्हती, पण शेजारी दुखवटा आणि आपल्याकडून तळणाचा वास, ते बरं नाही वाटलं. मला तर सासरे गेले तेव्हाचं वर्ष आठवलं, घरात सण नाही, कढई चढवायची नाही आणि चाळीतली प्रत्येक बाई झाकलेलं ताट आणून देत होती, कोणाचे लाडू, कोणाच्या करंज्या, त्या वर्षी आमच्याकडे सगळ्यात जास्त फराळ होता.

खवचट_खेकडा
सुगरणताई छान लिहिलंत पण नाण्याची दुसरी बाजू कोणी सांगणार की नाही? तेव्हा तिथे लष्कराचं सरकार होतं. राजाविरुद्ध बोललात तर कलम ११२, एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं. काळं न घातलेल्यांचे फोटो काढून फेसबुकवर टाकत होते लोक, समुई बेटावर तर एका बाईला जमावासमोर राजाच्या फोटोपुढे गुडघे टेकायला लावलं होतं. अशा वातावरणात कोण मनापासून रडतंय आणि कोण शेजारी बघतोय म्हणून, हे कसं ओळखणार तुम्ही?

इंग्लंडची राणी एलिझाबेथ पण ह्या राजासारखीच ७० वर्षं होती गादीवर. ८ सप्टेंबर २०२२ ला गेली, १९ ला दफन, विषय संपला, लोक कामाला लागले.

सुखुमवितची_सुगरण
खेकडेबुवा, समुईचं खरं आहे आणि ते वाईटच होतं, मी नाही म्हणत नाही. जांभळ्या कुर्त्यात मला पण दोनदा लोकांनी खालीवर बघितलंय. पण जबरदस्तीने माणूस काळं घालेल, सहा तास खुर्चीवर बसेल का?

जानेवारीत मी शेजारणीबरोबर राजवाड्यात राजांच्या पार्थिवाच्या दर्शनाला गेले होते. बायकांना पँट चालत नाही, गुडघ्याखाली स्कर्ट आणि बंद शूज, तो स्कर्ट पण तिचाच, मला कमरेला सेफ्टीपिन लावून बसवला. सनाम लुआंगच्या मैदानात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, पुढची रांग उठली की आपण एक रांग पुढे सरकायचं, असं करत करत सहा तास. मधे स्वयंसेवक येऊन भात देतायत, पाणी देतायत, नाकाला लावायची ती पुदिन्याची कांडी देतायत, बाहेर बाईकटॅक्सीवाले फुकट सोडतायत. शेवटी आत गेलो, सगळ्यांनी एकदम खाली वाकून नमस्कार केला, मिनिटभर असेल नसेल, की उठा. बाहेर आल्यावर शेजारीण म्हणाली, माझ्या वडिलांच्या वेळी मी चियांगमाईला पोचेपर्यंत सगळं झालं होतं. बास एवढंच बोलली. वर्षभरात सव्वा कोटीच्या आसपास माणसं त्या दालनातून गेली, त्यातली किती जणं नेमकी कोणासाठी गेली होती देव जाणे.

नागपुरी_संत्रा
मुंडणाबद्दल मी सांगतो कारण बाकी कोणी बोलत नाहीये. ते मुंडण नव्हे भाऊ, प्रव्रज्या म्हणतात त्याला, म्हणजे बौद्ध दीक्षा. आमच्याकडे दीक्षाभूमीला, विहारांमध्ये श्रामणेर शिबिरं होतात ना तसंच, तिकडे 'सामनेन' म्हणतात, शब्द एकच. भुवया काढणं मात्र थाई पद्धत, मी बँकॉकला पहिल्यांदा बघितलं तेव्हा दचकलोच होतो.

घरातलं मोठं माणूस गेलं की मुलगा किंवा नातू चितेच्या दिवशी चीवर (भिक्खूचं भगवं वस्त्र) घालतो, काही जण एका दिवसासाठीच, आणि ते पुण्य गेलेल्या माणसाला मिळतं असं मानतात. 'बुआत ना फाय' म्हणतात, आगीसमोरची दीक्षा. आपला मोठा मुलगा खांद्यावर मडकं घेतो त्याच जागेवरची गोष्ट समज. राजासाठी पण देशभर पुष्कळ पुरुषांनी घेतली होती. आणि खुद्द राजा भूमिबोल १९५६ साली १५ दिवस भिक्खू झाले होते, आजी वारली होती आधीच्या वर्षी, तिच्यासाठी. तेवढे दिवस राणी सिरिकित कारभार बघत होत्या. म्हणजे राजा असला तरी नातवाचं काम सुटलं नाही.

रिटायर्ड_मास्तर
नागपूरकरांच्या मुद्द्याला जोडून थोडा इतिहास, लांबलं तर माफ करा, खोड जात नाही.

भूमिबोल गादीवर आले तेच मुळात घरातल्या मृत्यूमुळे. ९ जून १९४६ ला थोरले भाऊ राजा आनंद महिडोल राजवाड्यात गोळी लागून मेलेले सापडले, हे तेव्हा १८ वर्षांचे. त्यानंतर शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला गेले आणि भावाचे अंत्यसंस्कार झाले ते १९५० च्या मार्चमध्ये, जवळपास चार वर्षांनी. क्रम बघा आता: मार्चअखेर भावाला अग्नी, एप्रिलअखेर स्वतःचं लग्न, ५ मे ला राज्याभिषेक. आपल्याकडे घरात कोणी गेलं तर मंगलकार्य पुढे ढकलतात, तसाच हा प्रकार म्हणायला हरकत नाही.

२०१६ ला मुलाचंही तसंच. युवराज वाचिरालोंगकोर्न ह्यांनी सांगितलं की मला आधी लोकांबरोबर शोक करू द्या, आणि गादी स्वीकारली १ डिसेंबरला. मधले सात आठवडे राजाच्या सल्लागार मंडळाचे प्रमुख, ९६ वर्षांचे प्रेम तिनसुलानोंद राज्य सांभाळत होते. राज्याभिषेक तर थेट मे २०१९. ब्रिटनमध्ये मात्र राणीचा श्वास थांबला त्या क्षणी चार्ल्स राजा. दोन पद्धती आहेत, खेकडेसाहेब, विषय संपण्याचा वेग वेगळा असतो.

खवचट_खेकडा
मास्तर, युवराजांच्या शोकाबद्दल मी काही बोलत नाही, मला बँकॉकला पुढच्या वर्षी फिरायला जायचंय :)

सुखुमवितची_सुगरण
हो आणि शेवट राहिला सांगायचा. २६ ऑक्टोबर २०१७ ला अंत्यसंस्कार. सनाम लुआंगवर ५० मीटर उंच चितामंदिर बांधलं होतं, मेरू पर्वत म्हणून, त्याच्या पायाशी राजाच्या लाडक्या कुत्रीचा पुतळा पण होता. लोकांनी अर्पण करायला चंदनाची म्हणून कागदाची फुलं घरी, शाळेत, ऑफिसात बसून वळली. आणि झेंडू! राजाचा पिवळा रंग म्हणून लोकांना झेंडू लावायला सांगितलं होतं, ऑक्टोबरात फुलेल असा. कुंड्यांत, पुलांवर, बँकेच्या दारात, जिकडे बघावं तिकडे झेंडू. नुकताच दसरा झालेला आणि माझ्या डोळ्यांना ते सगळं तोरण दिसत होतं, स्वतःला बजावावं लागायचं की हे तोरण नाही.

दादर_टू_बँकॉक
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

काल लंचला पींच्या टेबलावर जाऊन बसलो आणि सॉरी म्हटलं. त्यांनी परत तोच फोटो काढला आणि म्हणाल्या नीट बघ. मागे एक छोटी चिता आहे, गावच्या वाटमधली, म्हणजे बुद्धमंदिरातली, आणि शेजारी एका म्हाताऱ्या माणसाचा फ्रेम केलेला फोटो. तो त्यांच्या वडिलांचा. सप्टेंबर २०१७ मध्ये गेले. पोराने चीवर घातलं ते आजोबांसाठी, राजासाठी नव्हेच. मी एवढा शहाणा की काळे कपडे दिसले आणि बाकीचं स्वतःच ठरवून मोकळा.

मग जे सांगितलं ते तसंच लिहितो. गावाहून परत आल्या, काळे कपडे घालून ऑफिसात आल्या, तर सगळेच काळ्यात. आधी पण त्या काळ्यातच यायच्या, वर्ष चालूच होतं ना. त्यामुळे कोणाला काही वेगळं दिसलंच नाही, रजेवर गेल्या होत्या एवढंच. ऑक्टोबरमध्ये लंचनंतर सगळ्या बसून कागदी फुलं करत होत्या तेव्हा ह्या रडल्या, तर बाकीच्या पण रडल्या, राजासाठी. मग अंत्यसंस्कार झाले, महिनाअखेर सगळ्यांनी काळं सोडलं, ह्या घालत राहिल्या तेव्हा कुठे एकीने विचारलं, अजून का ग?

मी म्हटलं माझे बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, तेव्हा स्मशानात चार जणांना परवानगी होती आणि मी व्हिडिओ कॉलवर होतो, मुंडणाचं सोडाच. त्यांनी विचारलं नेटवर्क नीट होतं का. आजपर्यंत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नव्हतं नीट.

असो. दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे आणि मी त्यांना फराळ आणतो म्हणून बसलोय. सुगरणताई, पाहुरतच्या इंडियन बाजारात भाजणी मिळते का, की बेसनावर भागवू?

सुखुमवितची_सुगरण
भाजणी नाही मिळत, माझ्याकडे आहे, शनिवारी ये घेऊन जा. डबा आण येताना.