ऑफिसच्या सत्यनारायणाला नाही म्हणू का?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. मी सोलापुरातच एका सरकारी ऑफिसात आहे, कुठलं ते सांगत नाही. श्रावण लागला की आमच्याकडे सत्यनारायण असतो, ऑफिसातच आणि कामाच्या वेळेत. माणशी तीनशे वर्गणी. चार वर्षं मी गुपचूप देत आलो, शिरापण खाल्ला, कधी काही बोललो नाही. यंदा साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की तुमचं नवीन लग्न झालंय तर पूजेला तुम्ही दोघं बसा, मॅडमना घेऊन या. त्यांनी मान दिला, प्रेमाने सांगितलं, हे मला कळतंय आणि म्हणूनच लई अवघड झालंय.

मी नास्तिक आहे. कुणावर चिडून झालेलो नाही, घरात भांडण नाही, बारावीनंतर हळूहळू कळत गेलं की मी हात जोडतो तेव्हा समोर कुणी आहे असं मला वाटतच नाही. लग्नपण आम्ही स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली केलं, तीस दिवस नोटीस बोर्डावर आमची नावं लागलेली, आईला शेजारपाजारचे विचारून विचारून नको करायचे तेव्हा. बायको थोडाफार देव मानते, ती म्हणते तासाभराचा प्रश्न आहे, बसू की. पण संकल्प सोडताना माझं नाव गोत्र घेऊन मी म्हणणार की मी हे करतोय, आणि ते खोटं असणार. साहेबांशी खोटं, भटजींशी खोटं आणि जे खरंच मनापासून हात जोडून बसलेत त्यांच्याशी पण.

आणि दुसरीकडे गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेला, मी दरवर्षी जातो. होम मैदानावर फिरतो, मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, नंदीध्वज, दिसले की अंगावर काटा येतो. मग ते चालतं आणि हे का नाही, असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. तुम्ही काय केलं असतं?

निवृत्त_गुरुजी
पहिलं म्हणजे घाबरू नका, तुमची बाजू कायद्याने भक्कम आहे. 2014 साली मुंबई हायकोर्टासमोर एक प्रकरण आलं होतं, काही लोकांनी सरकारी राजपत्रात आमचा कोणताच धर्म नाही अशी नोंद मागितली होती आणि छापखान्याने नाकारली होती. कोर्टाने सांगितलं की राज्यघटनेच्या कलम 25 मध्ये जे सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे त्यात कोणताच धर्म न मानण्याचं स्वातंत्र्यही आलं आणि धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही. त्याच्या आदल्या वर्षी नाशिकच्या एका शिक्षकाचा निकाल आला. तो शाळेच्या प्रार्थनेला उभा राहायचा, फक्त हात जोडायचा नाही, तेवढ्यावरून त्याची वरची वेतनश्रेणी अडवली होती. कोर्टाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. मी स्वतः पस्तीस वर्षं शिकवलं, रोज परिपाठ घेतला, आणि हात न जोडणारं एखादं पोर दिसलं की दटावत होतो. तो निकाल वाचला त्या रात्री मला झोप आली नाही.

आणखी एक सांगतो. 17 ऑक्टोबर 1949 ला घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. मतदान झालं, बाजूने 41 आणि विरोधात 68. विरोध करणारे काही सगळे नास्तिक नव्हते, त्यांचं म्हणणं एवढंच की ज्याची श्रद्धा नाही त्याच्या तोंडी ती घालायची नाही. म्हणून तर आजही मंत्र्याला ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा नुसती प्रतिज्ञा करता येते. जी मुभा मंत्र्याला आहे ती क्लार्कला नसावी का?

होटगी_रोड
गुरुजी, कायदा बरोबर आहे पण गोपनीय अहवाल साहेबच लिहितात. आपल्याच जिल्ह्यात आषाढीला मुख्यमंत्री जोडीने पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात, टीव्हीवर लाईव्ह दाखवतात, तिथं कोण विचारतं का सरकारचा धर्म कोणता म्हणून? मग खालच्या ऑफिसात काय वेगळं होणार. मी पण फार मानत नाही पण बसतो. मन आपलं असतं. भाऊ, तुझी नोकरी नवी आहे, पुढं प्रमोशन आहे, बदली आहे, घरचं कर्ज असेल. मी भित्रेपणाने सांगत नाहीये, माझ्या एका मित्राने असंच नाही म्हटलं होतं आणि तो तीन वर्षं एकाच टेबलावर सडला, ते मी जवळून बघितलंय.

बाळीवेस
मी देव मानतो आणि मरेपर्यंत मानणार, आमच्या घरात बाराबंदी, म्हणजे नंदीध्वज धरणाऱ्यांचा पांढरा पोशाख, माझ्या आजोबांच्याही आधीपासून आहे. तरी मला तुमचं पटतंय.

तुम्ही गड्ड्याचं विचारलं म्हणून सांगतो. नंदीध्वज खांद्यावर येतो तेव्हा तोल सांभाळायला आजूबाजूला चारजण लागतात, त्यासाठी महिना महिना आधी सराव करतात पोरं, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. पण कुणालाही हजेरी लावून बोलवलेलं नसतं. सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला माणूस आपल्या पायाने येतो. ज्याला नाही यायचं तो त्या दिवशी दुकानात बसतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. गड्ड्याच्याच दिवसांत, 12 जानेवारीला, आपण चार हुतात्म्यांना हार घालतो, 1931 मध्ये येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. ते सोलापूर म्हणून गेले. या गावात रस्त्यावर सगळ्यांचा देव निघतो, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, मोहरमला पंजे निघतात, आणि रस्ता सगळ्यांचा असतो म्हणून ते शोभतं.

ऑफिसची खिडकी तशी नाही ना. तिथं पेन्शनच्या कागदाला अक्कलकोटहून एसटीने आलेली म्हातारी असते, तिला दुसरी खिडकी नाही. पूजा चालू आहे, आरतीनंतर या, असं तिला सांगणं मला भक्त म्हणून टोचतं. ज्यांची ही यात्रा त्या सिद्धरामेश्वरांनी माणसं जमवून तळं खोदलं, ज्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या काळातल्या संतांनी, कायकवे कैलास म्हटलं त्यांच्यातले ते. हातातलं काम हीच पूजा, असं सांगणाऱ्यांच्या गावात काम थांबवून पूजा करायची हे मला कळंना.

फक्त एक विनंती, नाही म्हणताना देवाला नावं ठेवू नका. साहेबांना दुखवायचं तुमच्या मनात नाही, तर ते बोलण्यातपण येऊ देऊ नका.

अशोक_चौक
पूर्व भागातून लिहितोय. आमचे ताता, म्हणजे आजोबा, लूमवर होते, लाल बावट्याचे, देव मानत नव्हते, अव्वा, म्हणजे आजी, विड्या वळता वळता मार्कंडेयाचं नाव घ्यायची, दोघांचं पन्नास वर्षं जमलं. ताता आम्हाला गोरांची गोष्ट सांगायचे. गोरा म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, आंध्रातले, 1940 मध्ये त्यांनी नास्तिक केंद्र काढलं. त्यांच्या मुलीचं लग्न दलित मुलाशी ठरलं आणि ते सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात लावायचं ठरलं. गांधीजी एवढे रामनाम घेणारे, पण ही माणसं देव मानत नाहीत म्हणून लग्नाच्या विधीत देवाचं नाव नको हे त्यांनी मान्य केलं. लग्न झालं 1948 मध्ये, तोपर्यंत गांधीजी राहिले नव्हते, पण ठरल्याप्रमाणेच झालं. ताता हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. तुमचे साहेब श्रद्धाळू आहेत ना, मग त्यांना सरळ सांगून तर बघा. श्रद्धाळू माणूस समजूनच घेणार नाही असं आधीच का धरायचं?

सातरस्ता_ताई
मी नास्तिक नाही. तरी लिहिते कारण तुम्ही सगळे बोलताय ते मानण्या न मानण्याबद्दल, आणि माझ्यासारख्या मानणाऱ्या बाईलाच ऑफिसातला धर्म बाहेर ठेवतो ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मिस्टर गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्याच जागी अनुकंपावर लागले. संक्रांतीला ऑफिसात बायकांचं हळदीकुंकू असतं, मधल्या हॉलमध्ये, वाण लुटतात, फोटो काढतात. पहिल्या वर्षी मी उठून गेले तर एकीने हळूच तिळगूळ हातावर दिला आणि कुंकवाची कुयरी पुढच्या बाईकडे नेली. ती वाईट नाही हो, माझ्या मुलीच्या अ‍ॅडमिशनला तिनेच धावपळ केली होती. पण त्या अर्ध्या मिनिटात मी सगळ्या ऑफिससमोर विधवा झाले. घरी, देवळात मी माझं बघून घेते. पण पगार घेते त्या जागेवर मला कुणी हे दाखवून द्यायला नको होतं. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली, सरकारनेही मग सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मी ती बातमी कापून पर्समध्ये ठेवलीय. खेड्यातली ग्रामसभा करू शकते तर एसी लावलेलं ऑफिस का नाही?

पूजेला जोडपं बसवतात म्हणजे ज्यांना जोडपं म्हणून बसता येत नाही ते आपोआप मागं सरकतात. तुम्ही नाही म्हणाल तर तेवढंही सांगा.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे आभार. काल जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. कायदा काढला नाही. म्हटलं सर, तुम्ही मान दिलात पण मी देव मानत नाही, संकल्प माझ्याकडून खोटा होईल, तो तुमच्या पूजेत नको. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आधी का नाही सांगितलंस, दुसरं कुणी बसेल. प्रसाद घेशील ना? घेईन म्हटलं. चेहरा थोडा उतरला होता त्यांचा, ते मला दिसलं आणि वाईटही वाटलं. वर्गणी आणि कामाची वेळ यावर बोलायचं धाडस काल झालं नाही, पण खिडकी चालू ठेवायची असेल तर पूजेच्या वेळेत तिथं मी बसतो एवढं सांगितलं, त्याला ते हो म्हणाले.

ताई, तुमचं वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. आमच्या सेक्शनला एक मॅडम आहेत, त्यांचे मिस्टर नाहीत. त्या दरवर्षी संक्रांतीनंतर एक दिवस रजा टाकतात, नेमकी हळदीकुंकवाच्या दिवशी. त्यांचा रजेचा अर्ज चारही वर्षं मीच पुढं पाठवलाय.