मदत हवी आहे: रायटिंग ६ वरच अडकलंय

सिस्टर_मिरज
कुणीतरी लवकर सांगा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला परत ९ पैकी ६ आले. बाकी तिन्हींत (लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग) ७ च्या वर आहेत. क्लासवाले म्हणतात, व्होकॅब्युलरी वाढवा. अजून किती वाढवू? शब्दांच्या वह्या भरल्यात. पुढची फी याच आठवड्यात भरायची आहे.

अनय
परीक्षा कुठली, अकॅडमिक की जनरल? कुठल्या देशासाठी? हवेत किती?

दादरकर
रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचा. मी तसाच शिकलो. आज ऑफिसातली सगळी महत्त्वाची पत्रं माझ्याकडे येतात.

वैदेही_लीड्स
काका, वाचन तिचं चांगलंच आहे. लिहून कुणाकडून तरी तपासून घेतल्याशिवाय रायटिंग हलत नाही.

दादरकर
वाचनाशिवाय लिहिता येतं हे मला मान्य नाही. मराठी माध्यमाच्या मुलांचं खरं दुखणं तेच.

अनय
माध्यमाचा काय संबंध? मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. मला रायटिंगला ७.५ होते.

सिस्टर_मिरज
अहो, माध्यमावरून भांडू नका. अकॅडमिकच. यूकेत नर्सिंग रजिस्ट्रेशन करायचंय.

वैदेही_लीड्स
हे आधी सांगायचंस ना गं! एनएमसीला, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलला, रायटिंगमध्ये ६.५ चालतात, बाकी तिन्हींत ७ लागतात. म्हणजे तुझं अर्ध्या बँडवर, अर्ध्या गुणावर, अडलंय. रायटिंग ४ निकषांवर तपासतात आणि चारही सारख्याच वजनाचे: प्रश्नाला नेमकं उत्तर, मांडणी, शब्द, व्याकरण. तू एकट्या शब्दांवरच जोर लावते आहेस. प्रश्नात दोन भाग असतील तर दोन्हींचं उत्तर देतेस का? प्रत्येक वाक्य ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ने सुरू करतेस का? तशी ओढूनताणून केलेली जोडणी सहाच्या वर जाऊ देत नाही. टास्क १ ला, म्हणजे ग्राफच्या वर्णनाला, किती वेळ जातो?

सिस्टर_मिरज
अर्धा तास तरी. ग्राफमधले सगळे आकडे लिहायचे असतात ना.

वैदेही_लीड्स
नसतात! मुख्य कल आणि ठळक फरक पुरतात. १५० शब्द, २० मिनिटं, की हात थांबव. टास्क २ चं, म्हणजे निबंधाचं, वजन दुप्पट आहे, २५० शब्दांसाठी पूर्ण ४० मिनिटं तिथेच दे.

पार्थ_नाशिक
स्पीकिंगला ब्रिटिश ॲक्सेंट काढावा लागतो का? मला कॅनडाला जायचंय.

अनय
नाही. बोललेलं स्पष्ट कळलं पाहिजे. पण नवा धागा काढ ना.

दीपा_ओईटी
सिस्टर, आयईएलटीएस सोडा, ओईटी द्या, ती आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीचीच इंग्रजीची परीक्षा आहे. रुग्णाच्या केसनोट्स देतात, त्यावरून १८० ते २०० शब्दांचं रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायचं. हे काम आपण वॉर्डात रोज करतो. एनएमसीला त्यात रायटिंगला सी प्लस ग्रेड चालते.

अनय
फी बरीच जास्त आहे, तेही सांगा. अर्ध्या बँडसाठी परीक्षाच बदलायची?

दीपा_ओईटी
पुन्हापुन्हा तीच फी भरण्यापेक्षा परवडतं. फक्त पत्रात काय गाळायचं ते कळायला हवं. सगळ्या नोट्स उतरवल्या तर मार्क जातात.

दादरकर
दोन्हींसाठी वाचन लागणारच.

सिस्टर_मिरज
फी आज भरत नाही. ड्यूटी सुटल्यावर ४० मिनिटं लावून टास्क २ लिहिते आणि इथे टाकते. वैदेहीताई, न लाजता लाल रेघा मारा. दीपाताई, ओईटीचे नमुने कुठे मिळतील?

दीपा_ओईटी
त्यांच्याच साइटवर फुकट आहेत. नर्सिंगचाच उघडा, प्रत्येक व्यवसायाचा वेगळा असतो.