लाकूडशास्त्राचे शिक्षण घेऊन नाशिकमध्ये काम मिळेल का?

प्रश्न (विद्यार्थी, पंचवटी)
माझे वडील सुतारकाम करतात आणि मी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. गेल्या श्रावणात आम्ही एक सागवानी दार बसवले, तेव्हा फळ्यांच्या सांध्यात कागदही जात नव्हता. चैत्रात त्याच सांध्यांत रुपयाचे नाणे सरकेल एवढ्या फटी पडल्या. "लाकूड कच्चं होतं," एवढेच वडील म्हणाले. कच्चे म्हणजे नेमके काय, हे शिकवणारा अभ्यासक्रम कोठे आहे, आणि तो करून नाशिकला परतता येईल का?

उत्तर (देहरादूनची माजी विद्यार्थिनी)
आपल्या वडिलांचे निदान अचूक आहे. कच्च्या, म्हणजे पुरेशा न वाळलेल्या, लाकडात पाणी पेशींच्या पोकळीतही असते आणि पेशींच्या भिंतीतही. पोकळीतले पाणी गेल्याने लाकूड हलके होते, पण त्याचे माप बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतीतले पाणी जाऊ लागते आणि लाकूड आक्रसते, तेही गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा वाढीच्या वलयांच्या दिशेने जवळजवळ दुप्पट, म्हणूनच ओंडक्याच्या कडेने सपाट कापलेली फळी वाळताना वाकते. साग इतर अनेक लाकडांपेक्षा कमी आक्रसतो, हे खरे; पण कच्च्या सागालाही यातून सुटका नाही.

१९०६ साली स्थापन झालेल्या देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत 'वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजी' या विषयात एम.एस्सी. करता येते आणि आपले तिन्ही विषय त्यासाठी उपयुक्त आहेत. बंगळूरुची काष्ठ विज्ञान संस्थाही पाहावी. प्लायवुडमधील चिकटद्रव्यांकडे ओढा असेल, तर रसायनशास्त्र सोडू नये.

उत्तर (पॅकिंग व्यवसाय, अंबड)
नाशिकमध्ये काम आहे, मात्र ते फर्निचरपेक्षा निर्यातीच्या पॅकिंगमध्ये अधिक आहे, असे माझे मत आहे. द्राक्षे असोत वा यंत्रे, परदेशी जाणाऱ्या लाकडी पॅलेटला (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीला) आयएसपीएम १५ हा लाकडातली कीड रोखण्याचा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो: लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस राहिले, तरच उष्णताप्रक्रियेचा शिक्का मारता येतो. आम्ही सुरुवातीला भट्टीतील हवेच्या तापमानावर विसंबून राहत होतो. तापमापकाची तार जाडसर फळीत भोक पाडून गाभ्यापर्यंत घालायची असते, हे नंतर शिकलो. कीड मेली म्हणजे लाकूड वाळले, असेही नाही, आणि ही चूक आम्हाला महागात पडली, कारण शिक्का असलेल्या ओल्या पॅलेटवर बंद कंटेनरमध्ये हिरवी बुरशी धरली. हा फरक समजणारा माणूस आम्हाला आजही हवा आहे.

प्रश्नकर्ता
आपल्या दोघांचे मनःपूर्वक आभार. काल वखारीतून आणलेल्या सागाच्या फळीचा तुकडा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वजन करून १०३ अंशांवर, वजन घटणे थांबेपर्यंत वाळवला. ८६.४ ग्रॅमचा तुकडा ७२ ग्रॅमवर स्थिरावला, म्हणजे कोरड्या वजनाच्या तुलनेत ओलावा २० टक्के निघाला. वडिलांनी विचारले, "मग दारासाठी किती हवा?"

उत्तर (देहरादूनची माजी विद्यार्थिनी)
आपल्याकडील घरांतल्या दारांसाठी १० ते १२ टक्के. उरलेल्या फळ्या आडव्या पट्ट्यांवर अंतर ठेवून सावलीत रचा, टोकांना रंग किंवा मेण लावा, आणि त्या ओलाव्यापर्यंत उतरल्याशिवाय त्यांवर रंधा चालवू नका.