चेन्नईत नवीन आहे, कमी खर्चात गाणं-नाच-चित्रं कुठे अनुभवता येतील?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात नोकरीसाठी सोलापूरहून चेन्नईला आले. वेलाचेरीला एकटीच राहते. भाडं आणि अनामत देऊन हाताशी फारसं उरत नाही, आणि शनिवार-रविवार खोलीत बसून खायला उठतात. घरी असताना आई-बाबांबरोबर गाण्याच्या बैठकींना जायचे, त्याची फार आठवण येते. इथे डिसेंबरात मोठा संगीताचा हंगाम असतो असं ऐकलंय. मागच्या आठवड्यात उत्साहाने एका कार्यक्रमाचं महागडं तिकीट काढलं, तर जागा मिळाली खांबामागे. कर्नाटक संगीतातलं काही कळत नाही, तमिळही येत नाही. महिन्याला पाचशे रुपयांत काय काय जमेल?

लझकॉर्नर:
पाचशे पुष्कळ झाले! मी अकरा वर्षं मैलापूरला आहे. वेलाचेरीहून एमआरटीएसची लोकल पकडा आणि तिरुमयिलै स्टेशनला उतरा, पाच-दहा रुपयांत काम होतं. तिथून कपालीश्वर मंदिर चालत गाठता येतं. भारतीय विद्या भवन आणि लझचा राग सुधा हॉल याच भागात आहेत. दोन्हीकडे वर्षभर कार्यक्रम असतात आणि त्यातल्या बऱ्याच कार्यक्रमांना तिकीट नसतं.

आता मार्गळी या तमिळ महिन्याबद्दल, म्हणजे मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याला जोडून संगीत परिषद भरली आणि त्यातून १९२८ मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली. आज शहरभर अनेक सभा (इथे संस्थेलाच सभा म्हणतात) दिवसभर कार्यक्रम करतात. संध्याकाळचे मोठे कलाकार तिकीट लावून असतात, पण दुपारच्या बहुतेक मैफली विनामूल्य असतात. दुपारी तरुण मंडळी गातात, आणि जीव तोडून गातात, कारण तिथूनच त्यांना पुढे संध्याकाळची वेळ मिळायची असते. माझं मत विचाराल तर पहिला हंगाम फक्त दुपारी ऐका. पुढच्या रांगेत बसायला मिळतं. अकॅडमीत सकाळी आठच्या सुमारास सप्रयोग व्याख्यानं असतात, तीही चुकवू नका. बरीचशी इंग्रजीत असतात.

आणि सभेच्या कँटीनमध्ये जेवा. ते इथल्या रसिकांच्या चर्चेचं खरं ठिकाण.

यमनवेडी:
निशिगंध, कळत नाही म्हणून घाबरू नकोस गं. बैठकींना जाणारी आहेस ना, मग निम्मं तुला आधीच येतं. मोहनम् म्हणजे जवळपास आपला भूप, हिंदोळम् म्हणजे मालकंस, कल्याणी म्हणजे यमन. चलन आणि गमक (सूर हलवण्याची पद्धत) वेगळं, पण सूर ओळखीचे. आदि तालाच्या आठ मात्रा हातावर मोजायला शिक: एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. शेजारी बसलेल्या आजी हेच करत असतात, त्यांच्याकडे बघून मोज. मी अशीच शिकले. मृदंगाचं तनी आवर्तनम् (तालवाद्याचं स्वतंत्र वादन) सुरू झालं की काही लोक उठून बाहेर जातात. तू बसून राहा, मला ते सगळ्यात जास्त आवडतं.

शेवटपर्यंत थांबायचं आणखी एक कारण म्हणजे अभंग. मैफलीच्या शेवटच्या छोट्या रचनांमध्ये अनेक गायक तुकोबांचा किंवा नामदेवांचा अभंग घेतात. उच्चार थोडे तमिळ वळणाचे असतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रडू आलं होतं.

लझकॉर्नर:
यमनवेडी यांना दुजोरा. हे अभंग काल-परवा आलेले नाहीत. तंजावरला १६७६ ते १८५५ भोसल्यांचं राज्य होतं. मराठी कीर्तनकारांमुळे तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी हे मराठी छंद रुजले. भरतनाट्यमचा आजचा मार्गम् (कार्यक्रमातल्या रचनांचा ठरलेला क्रम) ज्यांनी बांधला ते चार तंजावर बंधू दुसऱ्या सरफोजींच्या दरबारात होते. जमलं तर एकदा तंजावरला जाऊन या. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ सालचा लांबलचक मराठी शिलालेख आहे.

एग्मोरवासी:
गाण्याचं सगळं वर आलंच आहे, मी चित्रं-शिल्पांचं सांगतो. एग्मोरचं सरकारी संग्रहालय (स्थापना १८५१) एका दिवसात बघायचा प्रयत्न करू नका. पहिल्या खेपेला फक्त चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन. दुसऱ्या खेपेला अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पं. शुक्रवारी बंद असतं.

इंजंबाक्कमला चोळमंडल कलाग्राम आहे. चित्रकार के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६६ साली ते उभारलं. बाटिक आणि इतर हस्तकला विकून चित्रकारांनी स्वतःचा खर्च चालवला आणि जमीनही स्वतःच घेतली. तिथल्या संग्रहालयात मद्रासच्या आधुनिक कलेचा एवढा ऐवज एकत्र बघायला मिळतो, आणि गर्दी अजिबात नसते.

नुसत्या सभांवर थांबू नका असंही सांगेन. 'मार्गळियिल मक्कळिसै' हा लोकसंगीताचा उत्सव २०२० पासून डिसेंबरात होतो. परै (ढोलासारखं वाद्य), ओप्पारी (शोकगीतं), उत्तर चेन्नईची गाना (वस्त्यांमधली गाणी). सभांमध्ये हे शहर ऐकू येत नाही.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार! आज २१ डिसेंबर, म्हणून खबर देते. दुपारी दोनच्या मैफलीला गेले होते, दुसऱ्या रांगेत बसले. मुख्य राग कल्याणी होता आणि तो मला ओळखता आला! शेजारच्या आजींनी ताल दाखवला, कँटीनमध्ये कॉफीही त्यांनीच पाजली. एक पैसा देऊ दिला नाही. कुठून आलीस विचारलं, तर म्हटलं सोलापूर. पंढरपूर जवळ आहे ना, असं त्यांनी लगेच विचारलं.

शेवटी अभंग झाला नाही. तर आता येत्या शनिवारी कुठल्या दुपारच्या मैफलीत अभंग व्हायची शक्यता आहे, सांगाल का? आजींनाही घेऊन जायचंय.