भिंतीतला जुना गॅस ओव्हन: पुन्हा गॅसचाच की विजेचा?

प्राजक्ता:
आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. घर घेतले तेव्हापासून स्वयंपाकघराच्या उंच कपाटात गॅसचा बिल्ट-इन ओव्हन आहे. तो निदान पंचवीस वर्षांचा असावा. गेल्या महिन्यापासून बटण दाबून धरले की ज्योत पेटते आणि बोट काढले की विझते. तपासायला आलेल्या तंत्रज्ञाने थर्मोकपल (ज्योत पेटलेली असेपर्यंतच गॅस चालू ठेवणारा सुरक्षेचा भाग) निकामी झाल्याचे सांगितले, परंतु या मॉडेलचा तो भाग आता मिळत नाही. दुकानात गॅसचे मोजकेच नमुने होते, बाकी सगळे विजेवरचे. सासूबाईंच्या नानकटाया गॅसवरच चांगल्या होतात, असे त्यांचे ठाम मत आहे. विजेचा घेतल्यास नव्याने वायरिंग करावे लागेल का?

सांडशी:
खरेदीआधी जुना ओव्हन बसलेल्या खणाची मापे घ्यावीत. सध्याचे सिंगल ओव्हन सुमारे ६० सेंटिमीटर रुंदी-उंचीचे असतात आणि त्यांना आतून ५६ सेंटिमीटर रुंद व ५५ सेंटिमीटर खोल खण लागतो. मात्र तुमच्या ओव्हनला वर वेगळे ग्रिल (वरून आच देऊन भाजण्याचा कप्पा) असेल, तर खणाची उंची ८८-८९ सेंटिमीटरपर्यंत भरेल आणि सिंगल ओव्हन बसवल्यावर वर मोकळी जागा उरेल. दुसरे असे, की गॅसची जोडणी सोडवून नळीचे तोंड कायमचे बंद करण्याचे काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये (गॅसची कामे करणाऱ्यांच्या इथल्या अधिकृत नोंदणीत) नाव असलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावे. पूर्वी यासाठी कॉर्गी नावाची नोंदणी होती, तिच्या जागी २००९ साली ही आली. आलेल्या माणसाच्या ओळखपत्राची मागची बाजूही पाहावी, कारण तो गॅसची कोणती कामे करण्यास पात्र आहे ते तिथे छापलेले असते. हे पाहायला मागताना आपल्या लोकांना उगाच संकोच वाटतो.

घाटावरचा:
वायरिंगचे उत्तर ओव्हनच्या वॅटवर ठरते. गॅसच्या ओव्हनला वीज लागते ती ठिणगी आणि दिव्यापुरती, त्यामुळे मागे सॉकेट आहे म्हणून तेथे कोणताही विजेचा ओव्हन चालेल, असे नाही. १३ अँपिअरच्या प्लगवर २३० व्होल्टने फार तर तीन किलोवॉट मिळतात. अनेक सिंगल ओव्हन या मर्यादेत बसतात आणि प्लगसकटच येतात. डबल ओव्हन मात्र याहून बराच जास्त भार ओढतो. त्याच्यासाठी फ्यूजबोर्डापासून स्वतंत्र सर्किट, बहुधा ३२ अँपिअरचे आणि सहा चौरस मिलिमीटरच्या केबलचे, घ्यावे लागते. असे नवे सर्किट इंग्लंडच्या इमारत-नियमांत नोंदवण्याजोगे काम असल्याने नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून प्रमाणपत्रासह करून घ्यावे. विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटच्या सुमारे चौपट महाग पडते हे खरे, पण आठवड्यातून दोनदा ओव्हन लावणाऱ्या घरात त्यावर निर्णय ठरू नये.

केळफूल:
सासूबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यामुळे आतली उष्णता किंचित ओलसर राहते; शिवाय जुन्या गॅस ओव्हनमध्ये वरचा कप्पा अधिक तापतो आणि खालचा कमी, आणि हाताला त्याची सवय झालेली असते. पंख्याच्या ओव्हनमध्ये सर्वत्र जवळपास सारखे तापमान असते. गॅस मार्क ४ (गॅस ओव्हनच्या बटणावरचा तापमानाचा आकडा) म्हणजे साधारण १८० अंश सेल्सिअस, पण पंखा चालू असल्यास १६० ठेवावे. नानकटाईसाठी मी पंखा बंद करून, वरखालच्या कॉइलवर, मधल्या कप्प्यात ताट ठेवते, आणि तडे हवे तसे पडतात. पहिला घाणा चारच नानकटायांचा लावावा, कारण नव्या ओव्हनचे तापमान आकड्याप्रमाणे असेलच याची खात्री नसते.

प्राजक्ता:
सर्वांचे आभार. खण ८८ सेंटिमीटर उंच निघाला. तेव्हा खाली प्लगवर चालणारा सिंगल ओव्हन आणि वरच्या जागेत मायक्रोवेव्ह ठेवण्याचा विचार आहे. ही दोन्ही उपकरणे मागच्या एकाच जोड-सॉकेटवर लावली तर चालतील का?

घाटावरचा:
तसे करू नये. दोन्ही एकाच वेळी चालू राहिली, तर जोड-सॉकेटवर त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक भार पडून ते तापू शकते. मायक्रोवेव्हसाठी वेगळे सॉकेट काढून घ्यावे, आणि ओव्हनचे सॉकेट त्याच्या पाठीमागे न ठेवता शेजारच्या कपाटात घ्यावे, म्हणजे प्लग काढायला ओव्हन बाहेर ओढावा लागणार नाही.