नवीन कुत्रं आणायचं का? घरात तिघांची तीन मतं, रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय

नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, आधीच सॉरी.

आमचा बोक्या मे महिन्यात गेला. (हो, कुत्र्याचंच नाव बोक्या. पिल्लू असताना इतका गोल होता की बाबांनी पहिल्याच दिवशी ठेवलं आणि मग 11 वर्षं बिल्डिंगभर खुलासे करत बसलो.) लॅब्रेडोर होता, टिक फिव्हर (गोचीड चावून होणारा ताप) झाला. दोन दिवस जेवला नाही तेव्हा आम्हाला वाटलं उन्हाळा आहे, मे मधे डोंबिवलीत माणसांनाच जेवण जात नाही, म्हणून ताकभात देऊन बघत बसलो आणि तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं. प्लेटलेट्स 18 हजार. डॉक्सी (त्यावरचं अँटिबायोटिक), सलाईन सगळं केलं पण पाचव्या दिवशी पहाटे गेला. ते पहिले दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. असो.

मी साडेसातची लोकल पकडते ती रात्री आठला घरी, दिवसभर आईबाबाच असतात. बाबा 69. बोक्या होता तोवर साडेपाचला त्याला घेऊन खाली उतरायचे, शुगर त्यामुळेच आटोक्यात होती. आता चार महिने झाले, पेपर येईपर्यंत गॅलरीत बसून राहतात, फिरून या म्हटलं की "एकटा काय वेड्यासारखा फिरू". आईचं वेगळंच. पोळ्या झाल्या की उरलेल्या कणकेची एक बारकी पोळी, तूप न लावता, ती त्याची असायची. ती अजून करते. करते, डब्याच्या झाकणावर गार व्हायला ठेवते आणि मग कोणाशी न बोलता गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यांना कुस्करून टाकते. पण नवीन कुत्र्याचा विषय काढला की "परत ते सगळं बघायची ताकद नाही माझ्यात, आणायचं तर मला ताईकडे नाशिकला पाठवा".

तर कल्याणला एका बाईंकडे फॉस्टरला (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला) एक देशी कुत्री आहे, अडीच वर्षांची, नसबंदी झालीये, लसी झाल्यात, मागच्या एका पायाने जराशी लंगडते. गेल्या रविवारी बाबांना घेऊन गेले. वीस मिनिटं ती सोफ्यामागे आणि बाबा सोफ्यावर, कोणीच कोणाला भाव दिला नाही. निघताना बाबा दाराशी चप्पल शोधायला लागले तर ही मागून येऊन त्यांच्या पिशवीत तोंड घालून उभी. रिक्षात बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले "कान केवढे आहेत तिचे". बास, एवढंच. अजून एक कुटुंब तिला विचारतंय म्हणून रविवारपर्यंत कळवायचंय.

पिल्लू नको हे माझं पक्कं आहे, कारण पिल्लू 12-15 वर्षं जगणार म्हणजे बाबा ऐंशीच्या पुढे जाणार, शिवाय शीशू पुसत आईच फिरणार. पण एवढं मोठं कुत्रं नवीन घरात रुळतं का? बोक्याची गादी, भांडं, पट्टा हिला द्यायचा की नको? आणि आई नाही म्हणत असताना आणलं तर ते चूकच ना?

("रस्त्यावरच्यांना खायला घाला त्यापेक्षा" हा सल्ला कृपया नको, आमच्या सोसायटीत त्यावरून आधीच महाभारत चालू आहे.)

प्रतिसाद:
भावनांचं नंतर, आधी गोचिडींचं बघा. घरात राहणारी जी तपकिरी गोचीड असते ती भिंतीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात लपते आणि काही न खाता महिनोन्महिने जगते, चार महिने म्हणजे काहीच नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याला गोचीड असं स्पष्ट सांगा, नाहीतर झुरळांचं जेल लावून पैसे घेऊन जाईल. गादी टाकून द्या, स्टीलचं भांडं घासून वापरलं तर काय बिघडतंय. आणि कुत्रीची टिक फिव्हरची टेस्ट आधी करा, कारण वरून ठणठणीत दिसत असली तरी अंगात असू शकतो. राहता राहिले तुमचे ते दोन दिवस. आमच्या कुत्रीचं पहिल्याच दिवशी निदान झालं होतं, तरी गेली.

प्रतिसाद:
आमच्याकडे सासऱ्यांनी सरप्राइज म्हणून आणलं होतं. सासूबाई दोन महिने बोलल्या नाहीत. कुत्र्याशी नाही, सासऱ्यांशी. त्यामुळे विचारूनच आणा, आणि त्या बाईंना विचारा काही दिवस ठेवून बघता येईल का, बरेच जण हो म्हणतात. पहिले दोन-तीन दिवस पलंगाखालून बाहेर येणार नाही, धड खाणारही नाही, तेव्हा घाबरून परत करू नका. खरं रुळायला दोन-तीन महिने धरा.

प्रतिसाद:
लॅबनंतर देशी म्हणजे मोठा फरक हं. लॅब वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचा असतो, ही आधी चार दिवस लांबून परीक्षा घेईल. बाबांना सांगून ठेवा, नाहीतर ते तुलना करत बसतील. आणि नाव वेगळं ठेवा!

धागाकर्ती:
सगळ्यांना थँक्यू. काल गादी उसवली तर शिवणीत खरंच तीन गोचिडी निघाल्या. पेस्ट कंट्रोल शुक्रवारी. कल्याणच्या बाई तीन आठवडे ठेवून बघा म्हणाल्या, टेस्टचं पण बोलले.

आईला समोर बसवून विचारलं. हो म्हणाली नाही, नाशिकचंही नाव काढलं नाही, फक्त "लंगडते तर चार जिने कशी चढेल" एवढं विचारलं. मी म्हटलं लिफ्ट आहे की. तर आज बाई म्हणतात ती लिफ्टला भयंकर घाबरते, दार उघडलं की जमिनीला चिकटून बसते. 22 किलोची आहे, बाबांना उचलणं शक्य नाही आणि त्यांच्या गुडघ्यांना रोज जिने झेपणार नाहीत. मोठ्या कुत्र्याला लिफ्टची सवय कोणी लावलीये का? किती दिवस लागले, आणि तोवर खाली कसं न्यायचात?